सुकेळीचं शेवटचं ऊन

वटार गावात सुकेळी करणाऱ्या बाया पुष्कळ, पण अंगठा म्हणावा तर रेजिनाचा. राजेळी केळी पिकवून, सोलून कारवीच्या मांडवावर उन्हात घातली की दोन दिवसांत अशी तांबूस, चकचकीत दिसायला लागतात की नवख्याला वाटावं, झालं काम, गुंडाळा पानात. रेजिना यायची, एक केळं उचलायची, मधोमध अंगठ्यानं दाबायची आणि सांगायची, "अजून चार उन्हं." कुणी हुज्जत घातलीच तर म्हणायची, "वरून वाळलं म्हणजे वाळलं नव्हे गं बाय. कातडी लबाड असते. ओल पोटात बसते." सुकेळीच्या कामात ती दिवस मोजत नसे, उन्हं मोजायची. ढगाळ दिवस तिच्या हिशेबात धरलाच जात नसे.

तिच्या नवऱ्याची, प्लासिडची वाडी बावखलाच्या काठाला होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, जुन्या माणसांनी खणून ठेवलेलं. आत केळी, पानवेली, कडेनं तगर आणि सोनचाफा. त्या घरात काही वाया जात नसे. केळीचं हिरवं पान जेवायला, वाळलेलं पान सुकेळी गुंडाळायला, खोडाचं सोपट बांधायला, उरलंसुरलं गाईला. उरण्यात रेजिनाला कधी वावगं वाटलं नाही. उरलेलं टाकणं मात्र तिला पाप वाटायचं.

तिच्या कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, तोही ह्याच रीतीतला. घरात कुणी आजारी पडलं, डॉक्टरनं गोळ्या दिल्या, माणूस उठून बसलं, की उरलेल्या गोळ्या डब्यात. तापाच्या वेगळ्या, पोटाच्या वेगळ्या, गळ्याच्या वेगळ्या. शेजारच्या वाडीतली फ्लॉसी कुंपणावरून हाक मारायची, "रेजिना, गळ्याच्या गोळ्या आहेत का गं? आमच्या बॅप्टिस्टला गिळवत नाही." रेजिना कढीपत्त्याची डहाळी द्यावी तशा दोन गोळ्या कुंपणावरून द्यायची. फ्लॉसी म्हणायची, "तू गावची डॉक्टरीण व्हायचीस, चुकून केळीत पडलीस." रेजिनाला ते आवडायचं. नाही म्हणायची, पण आवडायचं.

तिला दोन मुलं. स्टेफी मोठी, फ्लॉईड तिच्यामागचा. फ्लॉईड बापावर गेलेला, कामाचा आणि अबोल. स्टेफीच्या गळ्यात मात्र देवानं काहीतरी विसरून ठेवलं होतं. चर्चमध्ये ती गायला लागली की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारे डोळे उघडायचे. पण स्टेफीचं खरं गाणं चर्चमधलं नव्हे. ते केळी सोलतानाचं. माय-लेकींचा एक खेळ होता. रेजिना ओवीची पहिली ओळ टाकायची आणि स्टेफीनं हातातलं केळं सोलून व्हायच्या आत दुसरी जोडायची.

रेजिना म्हणायची,

वाडीला पाणी सोडी गं, माझा भरतार भोळा…

आणि स्टेफी, सालं खाली टाकत,

पंप ठेवून चालू गं, त्यानं मिटला गं डोळा!

"ए, ए!" पानवेलीतून प्लासिड ओरडायचा. "मी जागा आहे बरं का! हिला आवर रेजिना, उद्या लग्नाच्या मांडवात माझी अशीच आब्रू काढेल."

"काढू दे की," रेजिना म्हणायची. "थोडी असली तर निघेल."

स्टेफी अकरा वर्षांची होती, सत्त्याण्णव साल. पाऊस सरला, राजेळीचे घड उतरले, आणि तिचा गळा पहिल्यांदा धरला.

आलोशियस डॉक्टरांचा दवाखाना बाजाराच्या रस्त्यावर. वटार-नाळ्याच्या दोन पिढ्या त्यांच्याच हातच्या कडू औषधांवर वाढलेल्या. त्यांनी स्टेफीला खुर्चीत बसवलं, चमचा जिभेवर ठेवला, बॅटरी लावली.

"आ कर."

स्टेफीनं आ केला तो सुरात. अंगात ताप होता तरी सुरात.

"गायला नाही सांगितलं गं पोरी, दाखवायला सांगितलं," डॉक्टर म्हणाले. मग रेजिनाला जवळ बोलावलं. "ये, तूही बघ. पडजिभेच्या दोन बाजूंना दोन गोळे दिसतात? ते टॉन्सिल. प्रत्येकाला असतात, काही वाईट नाहीत. गळ्याच्या दारातले राखणदार समज. आत येणारा जंतू आधी त्यांच्याशी भांडतो. भांडण जोरात झालं की ते असे सुजतात."

रेजिनानं पाहिलं. लालभडक दोन गोळे आणि त्यांवर भाताच्या कण्या सांडाव्यात तसे पांढरे ठिपके.

"हा पू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्टेफीच्या जबड्याखाली बोटं फिरवली, ती कळवळली. "इथं गाठी आल्यात. ताप आहे. खोकला नाही, सर्दी नाही. हे नीट ऐक. शंभरातल्या बऱ्याच घसादुख्या आपल्या आपण बऱ्या होतात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, तापाची गोळी, बस्स. त्यांना जंतूंचं औषध लागतच नाही. पण ही तशी दिसत नाही. हिला औषध हवं, आणि पूर्ण हवं. दिवसातून दोनदा, दहा दिवस. चौथ्या दिवशी पोरगी उड्या मारायला लागेल, तरी दहा दिवस. कळलं?"

"कळलं डॉक्टर," रेजिना म्हणाली. आणि तिला खरंच वाटलं की कळलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. स्टेफीनं पेज सोडून सुकट मागितली, फ्लॉईडशी भांडली, बावखलाच्या काठावर उभी राहून पलीकडच्या पोरींना हाका मारल्या. रेजिनानं तिला उजेडात धरून गळा पाहिला. कण्या गेल्या होत्या, लाली गेली होती. पोरगी बरी झाली होती. बऱ्या माणसाला औषध कशाला? तिनं उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या. पुढच्याच आठवड्यात फ्लॉईडला शिंका आणि घसादुखी लागली तेव्हा त्या कामाला आल्या. तोही बरा झाला. एकाच्या औषधात दोन पोरं बरी झाली म्हणून रेजिनानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

नाताळच्या आधी स्टेफीचा गळा पुन्हा धरला. पुन्हा गोळ्या, पुन्हा तिसऱ्या दिवशी उड्या, पुन्हा डबा. नव्या वर्षात तिसऱ्यांदा. आता आलोशियस डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"दहा-दहा दिवस औषध देऊनही परत येतंय," ते म्हणाले. रेजिना गप्प राहिली. गोळ्या उरतात ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट होती? भात उरला म्हणून कुणी सांगत जातं का? "असंच वर्षात सहा-सात वेळा झालं तर टॉन्सिल काढण्याचा विचार करावा लागेल. साधं ऑपरेशन. आठ-दहा दिवस गळा दुखेल, थंड दूध, आइस्क्रीम, मऊ भात, आणि मग मोकळी."

"आइस्क्रीम?" स्टेफीनं विचारलं. "रोज?"

पण प्लासिडचा चेहरा उतरला होता. "डॉक्टर, कोकिळेच्या गळ्यात सुरी घालायची? आवाज गेला तर?"

"आवाज टॉन्सिलमध्ये नसतो, प्लासिड. तो खाली असतो, स्वरयंत्रात. तिथं कुणी हात लावत नाही."

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," प्लासिड म्हणाला, म्हणजे त्याला पटलं नव्हतं. घरी येताना तो एवढंच बोलला, "बघू. फेब्रुवारीत गळ्याचा आशीर्वाद आहेच."

संत ब्लेझच्या, म्हणजे गळ्याच्या आशीर्वादाच्या दिवशी फादरांनी नेहमीसारख्या दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून एकेकाच्या गळ्याला लावल्या. स्टेफीला गुदगुल्या झाल्या, ती खुदकन हसली, आणि रेजिनानं तिला चिमटा काढला. त्यानंतर गळा खरंच दुखला नाही. दुखला तो गुडघा.

आधी उजवा सुजला, गरम झाला, नुसतं पांघरूण लागलं तरी ती ओरडायची. तो उतरला तर डावा घोटा. मग मनगट. दुखणं अंगभर हिंडत होतं, बिऱ्हाड शोधणाऱ्या माणसासारखं. प्लासिड म्हणाला, बावखलाच्या पायरीवर घसरली असणार. फ्लॉसी म्हणाली, पोर वाढतेय, हाडं ताणतात. तेल चोळलं, निर्गुडीचा पाला बांधला. गळा आणि गुडघा ह्यांचं काही नातं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. गळा वर, गुडघा खाली, मध्ये एवढं सगळं शरीर.

मग पाम संडेला, हातात झावळीचा क्रूस घेऊन, स्टेफी गायकांच्या माळ्यावर चढता चढता अर्ध्या जिन्यात बसली. "आय," ती म्हणाली, "श्वास वरच राहतोय."

आलोशियस डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि काढलीच नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. त्या दिवशी ते रेजिनाला रागावले नाहीत, ह्याचंच तिला भय वाटलं. त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, केसांची वेणी पाठीवर टाकलेली, मराठी बोलणारी. तिनं समजावून सांगितलं. ह्या जातीच्या घशातल्या जंतूशी शरीर लढतं, पण जंतू पुरता मेला नाही, पुन्हा पुन्हा उठला, तर कधीकधी शरीर गोंधळतं. आपलंच अंग त्याला जंतूसारखं दिसायला लागतं. "घरचा कुत्रा चोराच्या मागे लागला, आणि अंधारात घरच्यालाच चावला, तसं. सांध्यांना चावला ते भरून येतं. पण हृदयात दारं असतात, झडपा. रक्त एका बाजूनं जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. तिथं चावला की डाग राहतो."

"गळ्यामुळे?" प्लासिडनं विचारलं.

"गळ्यापासून. गळा दुखला तेव्हा औषध किती दिवस दिलं होतं?"

"तीन," रेजिना म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तिसऱ्याच दिवशी बरी व्हायची. प्रत्येक वेळी."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. तिनं रेजिनाकडे पाहिलं, मग स्टेफीकडे, मग पुन्हा कागदाकडे. रेजिनाला ते थांबणं आठवणीत राहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. तिला वाटलं, बाई थकली असेल.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. कुल्ल्यात, जाडसर पांढऱ्या औषधाचं. पुन्हा तो जंतू गळ्यात शिरू नये म्हणून. स्टेफी लंगडत घरी यायची आणि म्हणायची, "आइस्क्रीमचं काय झालं? ऑपरेशनवाल्यांनाच मिळतं काय?" रेजिना एकही इंजेक्शन चुकवत नसे. आलोशियस डॉक्टर म्हणत, तालुक्यात एवढी नेमाची आई नाही. इंजेक्शनं उरवून ठेवता येत नाहीत, हे त्यामागचं एक कारण होतं. पण ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. स्टेफी उंच झाली आणि अंगानं काडी राहिली. गालांवर एक विचित्र लाली असायची. फ्लॉसी म्हणायची, पावडर लावते काय गं? चर्चचा माळा सुटला. घागर सुटली. गाणं मात्र तिनं सोडलं नाही, त्याला लहान केलं. अर्धी ओळ म्हणायची, थांबायची, श्वास गोळा करायची, उरलेली म्हणायची. सुकेळीच्या दिवसांत रेजिना मुद्दाम हळू सोलायची, म्हणजे पोरीला वेळ मिळेल.

स्टेफीच्या सोळाव्या वर्षी एका दुपारी प्लासिडनं घड उतरवून एक केळ तोडली. केळीची रीतच ती. एकदा व्याली की संपली. तिला तोडायची, बुंध्याशी पील वर आलेलं असतं, ते पुढे वाढतं. तोडलेल्या खोडातून पाणी ठिबकत होतं. रेजिनाच्या तोंडून सहज ओळ गेली,

केळ म्हणते पिलाला, माझं ऊन गं सरलं…

स्टेफीच्या हातातलं केळं सोलून झालं, दुसरं झालं. रेजिना म्हणाली, "हरलीस."

"थांब गं. श्वास घेऊ दे." आणि मग, मध्ये एकदा थांबून,

पील म्हणते केळीला, … तुझं गाणं मी धरलं.

प्लासिड कोयता हातात धरून तसाच उभा राहिला. मग नाक पुसत म्हणाला, "ह्यात माझी टिंगल नाही? बरी आहेस ना?"

त्याच मोसमात हॉस्पिटलनं सांगितलं की झडप फार आवळली आहे, गळतेही आहे, ती बदलायला हवी. तारीख डिसेंबरातली दिली. स्टेफीनं एकच मागणी केली. "सुकेळी घेऊन ये. तुझी. तिथल्या जेवणाला मीठ नसतं म्हणतात, गोड तरी असू दे." रेजिनानं उत्तम घड निवडला, केळी पिकवली, सोलली, मांडवावर घातली. रोज संध्याकाळी ती उचलून पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा पसरायची. उन्हं नेमकी मोजून तारखेच्या आदल्या दिवशी सुकेळी तयार होणार होती.

पण तारीख अलीकडे आली. हॉस्पिटलातून शेजारच्या बिल्डिंगच्या वाण्याकडे फोन आला, जागा रिकामी झाली आहे, उद्याच दाखल व्हा. केळी तेव्हा तीन उन्हं वाळलेली. वरून सोन्यासारखी. रेजिनानं एक उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा अंगठा लावला नाही. लावला असता तर अंगठ्यानं खरं सांगितलं असतं. तिनं ती वाळलेल्या पानात गुंडाळली, सोपटानं बांधली, पिशवीत घातली.

तपासण्यांतच आठवडा गेला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी स्टेफी म्हणाली, "आता दे. उद्या उपास."

रेजिनानं सोपट सोडलं. पान उलगडलं. वास आला तो आंबूस. सुकेळीची कातडी तशीच तांबूस, चकचकीत होती. तिनं एक मधोमध तोडलं. आत, पोटात, ओल बसली होती, आणि त्या ओलीवर राखाडी बुरशीचा मऊ लेप.

ती त्याकडे बघत राहिली. वॉर्डात कुणाचं तरी पोर रडत होतं, कुणी भांडं आपटलं. तिला काही ऐकू येईना. तिला दिसत होती ती उजेडात धरलेली अकरा वर्षांची पोरगी, तिचा स्वच्छ गुलाबी गळा, आणि डब्यात टाकलेल्या गोळ्या. आणि वेणीवाली डॉक्टरीण, लिहिता लिहिता थांबलेली.

"तीन उन्हं," रेजिना म्हणाली.

"काय गं आय?"

"तीनच दिली मी तुला. प्रत्येक वेळी तीनच. वरून वाळलं की उचललं." तिचा अंगठा त्या बुरशीत रुतला होता. "साऱ्या गावाला सांगत फिरले मी, कातडी लबाड असते म्हणून. माझ्या पोरीच्या गळ्यात बघताना मला नाही गं आठवलं. मलाच नाही आठवलं."

स्टेफीला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं, तिच्या चेहऱ्यावर ते समजताना रेजिनानं पाहिलं, आणि ते पाहणं तिला पुढं जन्मभर पुरलं. स्टेफीनं खाली बघितलं. चादरीची सुरकुती सारखी केली. मग विचारलं,

"फ्लॉईडला बरं वाटलं होतं ना पण? त्या गोळ्यांनी?"

फ्लॉईडला नुसती सर्दी होती.

स्टेफीनं तिच्या हातातून ते मोडलेलं केळं घेतलं. टोकाकडचा, वाळलेला, चांगला भाग दातांनी कुरतडला. सावकाश चावला. "गोड आहे गं," ती म्हणाली. "इथलं गोड आहे."

"टाक ते. पोट बिघडेल."

"तूच म्हणतेस ना, टाकायचं नसतं?"

ऑपरेशन झालं. झडप बसली, असं डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले. पण तोवर हृदयाचं काम करणारं मशीन बाजूला केल्यावर हृदयाला आपल्या पायांवर उभं राहता आलं नाही. पाच वर्षं ते लंगडत चाललं होतं, ते थकलं होतं. दोनदा त्यांनी त्याला हात देऊन उठवलं. तिसऱ्यांदा ते उठलं नाही.

वटारात आणली तिला. आख्खं गाव आलं. गायकांच्या माळ्यावरून गाणं झालं, पण त्यात एक सूर नव्हता आणि तो नसलेला सूरच सगळ्यांना ऐकू येत होता. प्लासिड कबरीवर माती टाकून परत आला तो थेट पानवेलीत शिरला, आणि दिवसभर पंप चालू राहिला. पाणी बांध फोडून रस्त्यावर गेलं.

रेजिनानं डबा बावखलाच्या काठी नेऊन रिकामा केला. गोळ्या खड्डा करून पुरल्या. जन्मात पहिल्यांदा तिनं उरलेलं टाकलं. त्या वर्षी तिनं पुन्हा सुकेळी केली नाही. राजेळी पिकून मांडवाखाली गळून पडली, पाखरांनी खाल्ली. आणि ओवी तिनं तोंडात घेतली नाही. घ्यायची कशी? तिला सगळ्या पहिल्या ओळीच येत होत्या.

पुढच्या पावसाळ्यानंतर वाडीच्या टोकाशी नवी बिल्डिंग उभी राहिली. तिथं स्वप्ना नावाची एक मुलगी राहायला आली, मूळची कणकवलीकडची, नवरा मुंबईला नोकरीला. तिला सुरुची नावाची सहा वर्षांची पोर. एका सकाळी स्वप्ना कुंपणाशी आली.

"मावशी, त्या फ्लॉसीकाकी म्हणाल्या, तुमच्याकडे गळ्याच्या गोळ्या असतात. सुरुचीला काल रात्रीपासून ताप आहे."

रेजिना सूप घेऊन पाखडत बसली होती. सूप तिथंच राहिलं. "गोळ्या नाहीत. पोरीला उचल. डॉक्टरकडे जायचं, मी येते."

आलोशियस डॉक्टरांचा चष्मा आता जाड झाला होता. त्यांनी चमचा ठेवला, बॅटरी लावली. रेजिना न बोलावताच वाकली. लाल गोळे, भाताच्या कण्या. डॉक्टरांनी जबड्याखालच्या गाठी चाचपल्या, दहा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, मान वर केली, आणि कागद रेजिनाच्या हातात दिला.

त्या संध्याकाळपासून रेजिना स्वप्नाच्या दारात जाऊन बसायला लागली. सुरुचीनं पहिली गोळी थुंकली. दुसरी गालात लपवली. रेजिनाला काही सुचेना, तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा तिनं गळा मोकळा केला.

"वाडीला पाणी सोडी गं, माझा भरतार भोळा…"

"पुढे?" सुरुची म्हणाली.

"पुढचं उद्या. गोळी गिळल्यावर."

दुसऱ्या दिवशी गोळी गेली आणि पंप चालू ठेवून झोपलेल्या नवऱ्यावर सुरुची पोट धरधरून हसली. मग हाच नेम झाला. गोळी गिळली की कालच्या ओवीचं उरलेलं अर्धं आणि नवीचं पहिलं अर्धं. उरलेली अर्धी सगळी स्टेफीची होती. रेजिना ती आठवून आठवून, एकेक उचलून आणायची.

तिसऱ्या दिवशी सुरुची जिन्यात उड्या मारत होती. स्वप्ना दारातच म्हणाली, "मावशी, आता बरी आहे ती. उगाच कशाला पोटात औषध? गरम पडतं."

"द्यायचं."

"अहो, ताप नाही, दुखत नाही…"

"आतून वाळायचंय अजून," रेजिना म्हणाली.

स्वप्ना चिडली. दोन दिवसांची दगदग, नवऱ्याची बोलणी, सगळं वर आलं. "तुमचं दुःख मोठं आहे, मला ठाऊक आहे. पण ही माझी मुलगी आहे मावशी. तुमची स्टेफी नाही ती."

जिन्यात उड्या मारणारी सुरुची थांबली.

"नाही," रेजिना म्हणाली. "ती नाही. म्हणून तर बसलेय." आणि ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली, आत गेली नाही, परतही गेली नाही. थोड्या वेळानं स्वप्नानं आतून पाण्याचा पेला आणि गोळी आणली. तिचेही डोळे ओले होते.

दिवस सरत गेले, आणि ओव्याही. शेवटची गोळी उरली तेव्हा रेजिनापाशी एकच ओवी उरली होती. तिचं पहिलं अर्धं आदल्या संध्याकाळी, नको नको म्हणताना, सुरुचीच्या हट्टानं तोंडातून गेलं होतं. 'केळ म्हणते पिलाला, माझं ऊन गं सरलं.' रात्रभर रेजिनाला वाटत राहिलं, उद्या जाऊच नये. पुढची ओळ ज्या गळ्यातली, त्या गळ्यातच तिनं ती पुरली होती. पण शेवटचं ऊन चुकवायचं नव्हतं.

सुरुचीनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, गटकन गिळली.

"पुढचं?"

रेजिनानं तोंड उघडलं. पोर वाट बघत होती, पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन, मान तिरकी करून. दाराच्या चौकटीशी स्वप्ना उभी होती. रेजिनानं एकदा श्वास घेतला, तो पुरला नाही. मधेच थांबली, दुसरा घेतला, तशीच जशी ती थांबायची.

"पील म्हणते केळीला, … तुझं गाणं मी धरलं."

"मधे का थांबलात?" सुरुचीनं विचारलं.

"ती तशीच आहे ओवी. तिथं थांबायचं असतं."

सुरुचीला ते पटलं. मग तिला आठवलं की गोळी गेल्याचा पुरावा रोज द्यावा लागतो. ती उठून रेजिनाच्या समोर आली, तोंड उघडलं आणि लांब, सुरात नसलेला, आनंदी असा आ केला. रेजिनानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पडजिभेच्या दोन बाजूंना दोन राखणदार निवांत बसले होते. गळा गुलाबी होता, स्वच्छ होता. असाच एक गळा तिनं पूर्वीही पाहिला होता.

"मिटू का?" तोंड उघडं ठेवूनच पोरीनं विचारलं.

"थोडं थांब गं बाय," रेजिना म्हणाली. "बघू दे अजून जरा."